आरोग्याची डिजिटल साधने आणि वापरणाऱ्यांचा सहभाग
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी मागे टाकले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी ही स्थानके ओळीने लागतात. दोन स्थानकांमधील अंतर थोड्या मिनिटांचे; परंतु प्रत्येक गावाची घडण वेगळी आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे शहर. अंबरनाथ शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी जितके प्रसिद्ध, तितकेच कारखान्यांसाठीही. बदलापूर पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांचे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांहून अधिक, अंबरनाथची सुमारे अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख होती. त्यानंतर या पट्ट्यात वस्ती वाढतच गेली आहे.

या वस्तीच्या आरोग्यसेवेत गेल्या काही वर्षांत डिजिटल साधनांचा प्रवेश झाला आहे. अंगणवाडीतील नोंदवह्यांची जागा ‘पोषण ट्रॅकर’ने घेतली. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’मध्ये होते. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळावा म्हणून ‘ई-संजीवनी’ आहे. आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली नागरिकांना १४ अंकी ‘आभा’ क्रमांक दिला जातो. या साधनांचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, एक प्रश्न प्रत्येक साधनाच्या बाबतीत विचारला गेला पाहिजे. ज्या सेविकेने, ज्या मातेने, ज्या रुग्णाने ते वापरावयाचे, त्यांना ते घडविताना कोणी विचारले होते काय? या प्रश्नाचे उत्तर साधनाच्या यशापयशाशी कसे निगडित असते, याचा विचार येथे केला आहे.

विचाराची पूर्वपीठिका

आरोग्यसेवेच्या आखणीत लोकांचा सहभाग असावा, ही कल्पना नवी नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन व अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे मान्य करण्यात आले. महाराष्ट्रात त्यापूर्वीच, १९७० पासून, जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले होते.

संगणकाच्या क्षेत्रात हाच विचार उत्तर युरोपात रुजला. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेमध्ये क्रिस्टेन न्युगार्ड या संगणकतज्ज्ञाने लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करून, यंत्रप्रणाली ठरविताना कामगारांचाही आवाज असावा, असा आग्रह धरला. पुढे १९८३ ते १९८७ या काळात ओस्लो विद्यापीठाच्या ‘फ्लोरेन्स’ या प्रकल्पात रुग्णालयातील परिचारिकांना सोबत घेऊन त्यांच्या दैनंदिन कामासाठी संगणकप्रणाली तयार करण्यात आली. परिचारिकेचे काम नेमके कसे चालते हे परिचारिकाच सांगू शकते, हे त्यामागील साधे सूत्र होते.

गडचिरोलीचा धडा

या सूत्राचे महाराष्ट्रातील उत्कृष्ट उदाहरण गडचिरोलीचे आहे. ते डिजिटल नाही. पण त्यातील धडा आजच्या प्रत्येक ॲपला लागू पडतो.

बालकांच्या मृत्यूच्या कारणांत न्यूमोनिया हे मोठे कारण होय. श्वासाची गती हे त्याचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि २ ते १२ महिन्यांच्या बालकात ५० किंवा अधिक श्वास असल्यास ते धोक्याचे चिन्ह समजतात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील सुईणींना हे लक्षण ओळखण्यास शिकवावयाचे ठरविले. अडचण अशी की अनेक सुईणींची मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नसे. घड्याळ पाहणे तर दूरच.

अशा वेळी ‘सुईणी अशिक्षित आहेत, त्यांना हे जमणार नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते. सर्चने तसे केले नाही. सुईणीला काय येते, याचा विचार करून साधन घडविले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्यासोबत मण्यांच्या ओळी, असे ते श्वासमापक होते. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवावयाचा, पुन्हा एकपासून मोजणी सुरू करावयाची. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकवावा लागला, तर श्वास जलद आहे असे समजावयाचे. दहापर्यंत मोजता येणारी स्त्री आता न्यूमोनियाची शंका घेऊ शकत होती. सुईणीची क्षमता पूर्वीइतकीच होती. साधन मात्र त्या क्षमतेला जुळवून घेणारे झाले.

याच संस्थेच्या रुग्णालयाची रचनाही आदिवासींच्या सांगण्यावरून झाली. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटे आणि रुग्णासोबत नातलगांना राहता यावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून शोधग्राम येथे आदिवासी गावासारख्या झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला दंतेश्वरी देवीचे नावही लोकांच्याच इच्छेने मिळाले.

नंतर विचारल्याची किंमत

याउलट अनुभव २०२१ चा आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र शासनाने पोषण ट्रॅकर हे ॲप सुरू केले. लाभार्थींची नोंदणी, बालकांचे वजन-उंची, आहारवाटप, गृहभेटी या साऱ्यांची नोंद अंगणवाडी सेविकेने मोबाइलवर करावयाची होती. महाराष्ट्रातील सेविकांपुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. त्यांना मिळालेले संच या ॲपचा भार पेलण्यास अपुरे ठरत होते. आणि नोंदी इंग्रजीत करावयाच्या होत्या. वर्षानुवर्षे मराठी नोंदवह्या अचूकपणे ठेवणाऱ्या सेविकेला एखाद्या बालकाचे नाव इंग्रजीत लिहिण्यासाठी घरातील शाळकरी मुलाची मदत घ्यावी लागू लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी मोबाइल संच प्रशासनाला परत करण्याचे आंदोलन केले. भाषेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे हे ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

या घटनेत दोष कोणाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की सेविकांचे म्हणणे शेवटी मान्य करावेच लागले. हेच म्हणणे ॲप तयार होत असताना, दहा-बारा सेविकांना एका खोलीत बसवून ऐकले असते, तर मधला काळ, मनस्ताप आणि नोंदींतील चुका टळल्या असत्या.

कोविड लसीकरणाच्या वेळीही असेच घडले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी ‘कोविन’वर आगाऊ नोंदणी आवश्यक करण्यात आली. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि सराईत बोटे, त्यांना वेळ मिळू लागली. ज्यांच्याकडे साधा फोन, ते मागे राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे रोजीच्या आदेशात डिजिटल दरीचा प्रश्न उपस्थित केला. जूनमध्ये कोविन मराठीसह इतर भारतीय भाषांत आले. येथेही सुधारणा झाली, पण वापर सुरू झाल्यानंतर.

आवाजाचे माध्यम

वापरणाऱ्याच्या स्थितीतून आरंभ केलेली डिजिटल साधनेही आहेत. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेने मुंबई परिसरात ‘एमित्र’ ही सेवा सुरू केली. गर्भवती स्त्रीला व नवमातेला तिच्या भाषेत, तिच्या गर्भारपणाच्या महिन्याला अनुरूप असा ध्वनिमुद्रित संदेश फोनवर विनामूल्य ऐकविला जातो. त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, वाचता येण्याचीही गरज नाही. घरातील फोन बहुधा पतीच्या खिशात असतो, हे वास्तव ध्यानात घेऊन कोणत्या वेळी फोन यावा हे स्त्रीला स्वतः ठरविता येते. केंद्र शासनाची ‘किलकारी’ ही सेवाही याच धर्तीची आहे. तिचा आरंभ २०१६ मध्ये झाला आणि २०२४ मध्ये ती महाराष्ट्रात आली.

‘कोणत्या वेळी फोन करू?’ हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु संदेश ऐकला जाईल की वाया जाईल, हे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

एक पट्टा, अनेक वापरकर्ते

आता पुन्हा कल्याणच्या पुढील पट्ट्याकडे वळू. ‘वापरकर्ता’ हा शब्द एकवचनी असला, तरी येथे चार स्थानकांत चार प्रकारचे वापरकर्ते भेटतात.

उल्हासनगर : कल्याणच्या लष्करी छावणीत वसविलेल्या निर्वासितांच्या या वसाहतीची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसविण्यात आली. आजही पत्त्यात १ ते ५ या कॅम्पांचे क्रमांक लिहिले जातात. येथील वृद्ध सिंधी मनुष्य घरी सिंधी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो आणि वाचावयाचे झाल्यास अरबी वळणाची सिंधी लिपी वाचतो. त्याचा नातू इंग्रजी वाचतो. शेजारच्या वस्तीत मराठी व हिंदी भाषक श्रमिक राहतात. अशा ठिकाणी ‘मराठी व इंग्रजीत उपलब्ध’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. काही जणांसाठी लिखित अक्षरापेक्षा बोललेला शब्दच उपयोगाचा ठरेल.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण देशातील ज्या समाजांत अधिक आढळते, त्यांत सिंधी समाजाचा समावेश होतो. वाहक व्यक्ती स्वतः सामान्य आयुष्य जगते. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बालकाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा बालकाला नियमितपणे रक्त द्यावे लागते. म्हणून विवाहापूर्वी अथवा गर्भारपणाच्या आरंभी रक्ततपासणी होणे फार महत्त्वाचे आहे. परंतु एखादी तरुणी वाहक आहे ही माहिती डिजिटल नोंदीत गेली आणि तिचा सांकेतिक क्रमांक भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवर येत असला, तर ती तपासणीलाच येईल काय? विवाहाच्या बोलण्यांत या माहितीचे काय होते, हे संगणकतज्ज्ञाला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या तरुणीला आणि तिच्या आईला ते पक्के ठाऊक असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ ने संमतीचे तत्त्व कायद्यात आणले आहे. पण संमती खऱ्या अर्थाने घ्यावयाची, तर ती कोणाच्या फोनवर आणि कोणाच्या देखत घेतली जाते, हे प्रथम पाहावे लागेल.

अंबरनाथ : आयुधनिर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांमुळे येथे पाळीने काम करणारा कामगार मोठ्या संख्येने आहे. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या माणसाला दहा वाजताचा आठवणीचा संदेश उपयोगी पडत नाही. कंत्राटी कामगाराला कामाच्या जागी मोबाइल वापरण्याची मुभा असतेच असे नाही. क्षयरोगाच्या औषधाची आठवण किंवा रक्तदाबाच्या तपासणीची वेळ त्याच्या पाळीशी जुळली पाहिजे. आणि ती कोणती, हे त्यालाच विचारावे लागेल. तालुक्याच्या ग्रामीण भागात ठाकूर व कातकरी वाड्याही आहेत. वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाची नोंद एकाच अंगणवाडीशी बांधलेली राहिली, तर बालकाची नोंद एका गावात आणि बालक दुसऱ्या गावात, अशी स्थिती होते.

बदलापूर : पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या कुटुंबाच्या दाराला आशा स्वयंसेविका दिवसा जाते तेव्हा कुलूप आढळते. गृहभेटीची नोंद ठरावीक वेळेत न झाल्यास प्रणाली तिला ‘काम अपूर्ण’ ठरविते. आशाताईंना विचारल्यास रविवारची भेट, सायंकाळचा फोन असे व्यवहार्य पर्याय त्या स्वतः सांगू शकतील. परंतु प्रणालीत ते नोंदविण्यासाठी जागा असली पाहिजे.

वांगणी : या परिसरात दृष्टिहीन व्यक्तींची अनेक कुटुंबे वास्तव्य करतात. त्यांतील अनेक जण लोकलगाड्यांतून लहान वस्तू विकून चरितार्थ चालवितात. मजकूर वाचून दाखविणाऱ्या सुविधेच्या साहाय्याने त्यांना मोबाइल वापरता येतो. परंतु ॲपमधील बटणाला शब्दाची ओळख दिलेली नसेल, अथवा ‘चित्रातील अक्षरे ओळखा’ अशी अट असेल, तर सारा मार्ग तेथेच बंद होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सेवा सुगम असणे अपेक्षित आहे. एखादे ॲप खरोखर सुगम आहे की नाही, हे वांगणीच्या दोन-तीन रहिवाशांनी अर्ध्या तासात सांगितले असते.

सहभाग कसा घ्यावा

अधिकाऱ्यांची एक रास्त शंका असते. बहुतेक ॲप दिल्लीत किंवा मुंबईत तयार होतात; नगरपरिषदेने अथवा ग्रामपंचायतीने लोकांना विचारून काय उपयोग? ही शंका अर्धीच खरी आहे. ॲप स्थानिक पातळीवर बदलता येत नसले, तरी नोंदणीच्या खिडकीची वेळ, फलकाची भाषा, संदेशाचा मजकूर, प्रशिक्षणाची पद्धत, मोबाइल नसलेल्यांसाठी पर्यायी रांग आणि तक्रारीची वाट, या गोष्टी बहुतांशी स्थानिक यंत्रणेच्याच हाती असतात. शिवाय स्थानिक अनुभव लेखी स्वरूपात वर गेला, तर ॲपही बदलते, हे पोषण ट्रॅकरच्या उदाहरणावरून दिसते.

सहभागासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. शहरी वस्त्यांत महिला आरोग्य समित्या आहेत. रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आहे. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला असून जनसुनवाईची परंपरा त्यातून निर्माण झाली आहे. या व्यासपीठांवर डिजिटल साधनांचा विषय घेतला, की काम सुरू होते.

पद्धत चार पायऱ्यांची असावी. पहिली, पाहणे : सेविका किंवा रुग्ण आज हे काम कसे करतो, ते त्याच्या शेजारी बसून पाहावे. अंगणवाडीतील जुनी नोंदवही नीट चाळली, तरी कोणत्या क्रमाने माहिती सुचते हे कळते. दुसरी, कागदावर मांडणे : पडद्याचे चित्र कागदावर काढून वापरणाऱ्यापुढे ठेवावे. कागद खोडता येतो, म्हणून माणूस मोकळेपणाने चूक दाखवितो. तयार यंत्रापुढे तो स्वतःलाच चुकीचा समजतो. तिसरी, करून घेणे : थोड्या व्यक्तींच्या हाती साधन देऊन त्यांना न शिकविता एक काम करण्यास सांगावे, आणि त्या कोठे अडखळतात ते टिपावे. या व्यक्ती निवडताना सर्वांत हुशार सेविका न निवडता, जिला अडचण येण्याचा संभव अधिक तिला आवर्जून बोलवावे. चौथी, परत सांगणे : लोकांनी सुचविलेल्यांपैकी काय स्वीकारले, काय नाही व का नाही, हे त्यांना कळवावे. ही पायरी वगळली, तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

यात एक पथ्य पाळावे. आशा आणि अंगणवाडी सेविका यांचा वेळ मोलाचा आहे. त्यांना बोलवावयाचे, तर ते त्यांच्या कामाचा भाग धरून, योग्य मोबदला देऊन बोलवावे. अन्यथा सहभाग हाच आणखी एक भार होईल.

समितीपुढे ठेवण्याजोगे प्रश्न

नवे डिजिटल साधन गावात किंवा रुग्णालयात येत असेल, तेव्हा सदस्यांनी व शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत :

१. हे साधन प्रत्यक्ष कोण वापरणार, आणि त्यांपैकी किती जणांनी ते आधी हाताळून पाहिले?
२. त्याची भाषा व लिपी वापरणाऱ्याची आहे काय? वाचता न येणाऱ्यासाठी आवाजाची सोय आहे काय?
३. नोंदणीचा सांकेतिक क्रमांक कोणाच्या फोनवर येतो? रुग्णाची माहिती आणखी कोणाला दिसते?
४. मोबाइल नसेल, नेटवर्क नसेल, दृष्टी नसेल, तर सेवा मिळण्याचा दुसरा मार्ग कोणता?
५. या साधनामुळे सेविकेची जुनी नोंदवही बंद झाली, की दोन्हीकडे लिहावे लागते?
६. अडचण आल्यास ती कोणाकडे नोंदवावयाची, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल?

या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. आपल्या वस्तीतील माणसांची ओळख लागते, आणि ती पंचायत सदस्य, मुख्याध्यापक व आरोग्य सेविका यांच्याइतकी दुसऱ्या कोणापाशी नसते.

आरोग्याच्या बाबतीत साधन फसण्याचा अर्थ केवळ खर्च वाया जाणे असा नसतो. नोंद न झालेले बालक पोषण आहारातून निसटते. न ऐकलेला संदेश धोक्याच्या लक्षणाची सूचना देऊ शकत नाही. भीतीपोटी टळलेली तपासणी एखाद्या कुटुंबाला आयुष्यभराचे दुःख देऊन जाते. गडचिरोलीच्या सुईणीला दहापर्यंतच मोजता येत होते आणि तेवढ्यावर तिच्यासाठी उपयुक्त साधन घडविता आले, कारण घडविणाऱ्यांनी तिच्यापासून आरंभ केला. उल्हासनगरचे वृद्ध आजोबा, अंबरनाथचा रात्रपाळीचा कामगार, बदलापूरच्या आशाताई आणि वांगणीचा दृष्टिहीन विक्रेता यांच्यापासूनही तसाच आरंभ करता येईल. त्यासाठी साधन तयार होण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत जाऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.